झोपणारी चिप नको

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

नळदुर्ग, सोमवार, ४ ऑगस्ट
श्रावणातला दुसरा सोमवार

चि. अनिरुद्धला आईचे आशीर्वाद.

दुकानाच्या बिलबुकाच्या पाठीवर लिहिते आहे. पानं कोरी पडली आहेत, नवी वही कशाला फाडू? दुकान उघडत नाही हल्ली.

आईनं फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोन कानाला लावला की तुझे बाबा जवळ येऊन बसतात आणि 'कोण आहे, कोण आहे' विचारत राहतात. तुझं नाव या घरात मोठ्यानं घ्यायची सोय राहिलेली नाही, ते तुला माहीतच आहे. दुरुस्तीला आलेल्या मंडळाच्या अँप्लिफायरची वायर ह्यांच्या हातून उलटी लागली, तो जळाला, आणि तू गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "बाबा, तुम्हाला आता जमत नाही." ह्यांनी तुला दुकानाचं दार बंद केलं. मी त्या वेळीही कुणाची बाजू घेतली नाही, आताही घेत नाही. तू महिन्याला पैसे पाठवतोस ते खात्यात तसेच आहेत. हात लावायची परवानगी नाही.

काम असं आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसाठी एक गजर करायचा आहे. दोन पेट्या हव्यात. एक टाकीपाशी, एक खाली माझ्या स्वयंपाकघरात. टाकीपाशी असेल तिनं सारखं 'मी आहे, मी आहे' असं सांगत राहायचं. ती गप्प झाली किंवा लांब गेली की माझ्याजवळची वाजली पाहिजे. ह्यांचं म्हणणं, हल्ली असल्या कामाला मायक्रोकंट्रोलर घालतात, पण त्यांना माहीत असलेली चिप जुनी झाली. आता कोणती घ्यावी आणि तिच्यासाठी कंपायलर कोणता, हे तुझ्याशिवाय मी कुणाला विचारू? बेंगळुरूला तुझं तेच काम आहे. सोल्डरिंग हे करतील. हात अजून तसाच आहे, एकेक टाका मोत्यासारखा. सामान कुठून आलं ते विचारलं तर सोलापूरहून मागवलं म्हणेन.

घाई आहे. मागच्या पंधरवड्यात टाकी दोनदा गेली. पहिल्यांदा धोंडप्पानं हायवेच्या पलीकडून हाताला धरून आण

ही ओळ खोडली आहे, वाचत बसू नको. पाणी दोनदा वाहून गेलं, एवढंच.

सध्या मी दाराला देवघरातली घंटा बांधली आहे. पण मिक्सर चालू असला की ती ऐकू येत नाही.

उत्तर घरी पाठवू नको. धोंडप्पाच्या ढाब्याचा पत्ता खाली दिला आहे. तो दूध घ्यायला येतो तेव्हा आणून देईल. आणि टाकीबद्दल विचारलं आहे तेवढंच सांग, दुसरं काही विचारू नको. देवघरापुढं बेलभंडार उचलून मी एक शब्द दिला आहे. बेल आणि हळद हातात घेऊन दिलेला शब्द मोडला तर काय होतं, हे मी माझ्या माहेरी पाहिलेलं आहे.

ह्यांची तब्येत बरी आहे.

आई


॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

नळदुर्ग, गुरुवार, २१ ऑगस्ट

चि. अनिरुद्ध,

तुझं पत्र पोचलं. वर 'आई' एवढाही शब्द नव्हता, सरळ चिपपासून सुरुवात. असू दे. अक्षर पाहिलं, तेवढं पुरे झालं. देवापुढं ठेवलं आणि मग वाचलं.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. चिपा दोन. एक मोठी, वायफायवाली. ती कायम जागी असते, सारखी बोलत राहते, पण खादाड आहे. टाकीजवळ विजेचं बटण असेल तरच ती घ्यावी. दुसरी आठ पायांची, बारकी. ती झोपते. मधूनच जागी होऊन 'आहे' म्हणते की परत झोपते. म्हणून तिला बटणाएवढ्या सेलवर महिनोन्महिने भागतं.

अनिरुद्ध, मला झोपणारी चिप नको.

तू हसशील. पण पहाऱ्याला बसवलेलाच झोपणार असेल तर मग मी काय करायचं? एकदा जागी झाल्यावर परत उठेपर्यंत जेवढा वेळ ती झोपेल, तेवढ्यात ट्रक किती येऊन जातात ते तुला माहीत नाही. आमच्या गल्लीतून हायवेला लागायला मला लागतो तेवढाच वेळ टाकीलाही लागतो. म्हणजे पाणी गल्लीतून हायवेपर्यंत जातं, असं म्हणायचं होतं.

मोठीच पाठव. टाकीजवळ बटण आहे.

कंपायलरचंही तू लिहिलंस. म्हणजे आपण लिहितो ते चिपच्या भाषेत करून तिला सांगणारा. मला ते लगेच समजलं. आपलं गाऱ्हाणं देवीच्या कानावर घालायला पुजारी असतो, तसाच हा. तू दोन सांगितलेस. मोठ्या चिपचा फुकट आहे आणि सगळं तयार मिळतं, आपण फक्त नाव आणि पासवर्ड भरायचा. बारक्या चिपचा कंपनीवाला महिनाभर फुकट, पुढं पैसे. नाहीतर फुकटचा घ्यायचा, पण तिनं कधी झोपायचं, कधी उठायचं ते सगळं आपल्याला हातानं लिहावं लागतं. माझी तर फुकटच्यालाच पसंती. पण एक विचारते. फुकटचा आहे म्हणून अर्ध्यातच सोडून तर जाणार नाही ना? मला सध्या मधेच सोडून जाणाऱ्या वस्तूची फार भीती वाटते.

तुझा जुना लॅपटॉप कपाटातून काढून पुसून ठेवला आहे. हे काल त्याच्याकडं बघून म्हणाले, "हा कुणाचा? परत देऊन टाका, लोकांच्या वस्तू ठेवू नये."

म्हणजे चेष्टेनं म्हणाले.

आई


॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

नळदुर्ग, शुक्रवार, २६ सप्टेंबर
नवरात्र

चि. अनिरुद्ध,

घरात घट बसले आहेत, अखंड दिवा आहे आणि त्यात ही पेटी. माझं लक्ष तीन ठिकाणी असतं. म्हणून उत्तराला उशीर.

पेट्या झाल्या. ह्यांनी दोन दिवस मान वर केली नाही. मी डबीत स्क्रू धरून बसले होते, पूर्वी दुकानात बसायची तशी. त्या दोन दिवसांत ह्यांनी मला एकदाही काही परत विचारलं नाही. मधेच म्हणाले, "ही चिप फार भुकेली दिसते. हिला करंट कुठून देणार?" मी म्हटलं, टाकीजवळ बटण आहे. "मग ठीक," म्हणाले. मला त्या वेळी त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही.

मग प्रोग्रॅम घालायला बसले. तू पाठवलेल्यात फक्त नाव आणि पासवर्ड घालायचा होता, तरी कंपायलरनं लाल अक्षरात परत पाठवलं. पुन्हा घातलं, पुन्हा परत. एक अवतरणचिन्ह राहिलं होतं. ते घातल्यावर गुपचूप घेतलं. मला वाटलं, हा फार कडक आहे, याच्या हातून गेलेलं म्हणजे बरोबरच असणार.

आता तू विचारलंस त्याची उत्तरं.

बॅटरी कशाला, बटण होतं ना? तर बटणाला ओल येते. म्हणून पेटीला मोबाइलची जुनी बॅटरी जोडली.

पेटीचं वजन किती चाललं पाहिजे? सदरा लोंबू नये एवढं.

टाकी कुठं ठेवली आहे? बहुतेक वेळ ओसरीवर, खुर्चीत.

किती ओळी खोडू? राहू दे.

अडचण अशी की सकाळी भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंतही टिकत नाही. पेटी गप्प होते, आणि तिचं गप्प होणं म्हणजेच माझ्याकडं गजर. मी हातातलं टाकून धावते. पहिल्या दिवशी पिठाच्या हातानं पार हायवेपर्यंत गेले. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, शिवीही दिली. परत येऊन बघते तर टाकी संडासातून बाहेर येत होती. मला म्हणाली, "अशा अवतारात कुठं गेला होतात?" दुसऱ्या दिवशी आरतीत वाजली. परवा नैवेद्य दाखवताना. दर वेळी टाकी जागेवरच. आता वाजली की पाय आधी हलत नाहीत, आधी मनात येतं, बॅटरीच असेल. या विचाराचीच मला भीती वाटते.

ह्यांना मी सांगितलं आहे की गच्चीवर बसवण्याआधी पेटी खिशात ठेवून तपासायची आहे. ते रोज सकाळी विचारतात, हे काय आहे खिशात, आणि मी रोज सकाळी सांगते. तपासायचं म्हटलं की ऐकतात. कारागीर माणूस.

बॅटरी जास्त पुरेल असं काही कर. पण चिप तीच ठेव, जागी राहणारी.

आई


नळदुर्ग, रविवार, ५ ऑक्टोबर

अनिरुद्ध,

टाकी काल घरातून गेली होती. सापडली आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

तुझं पत्र कालच आलं. धोंडप्पानं दुपारी ते आणून दिलं, मी दारातच उघडलं. चारच ओळी होत्या, पण या खेपेला वर 'आई' लिहिलं होतंस. 'टाकी खुर्चीत बसत नाही आणि सदरा घालत नाही. चिप चुकीची निवडली गेली, कारण गरज खोटी सांगितली गेली. कंपायलर चूक पकडतो, खोटं पकडत नाही. आधी खरं सांग, मग चिप ठरवू.'

ते वाचून मी मागं वळले, तर ओसरीवरची खुर्ची रिकामी.

माझ्याजवळची पेटी वाजली नव्हती. कशी वाजेल? सकाळी देवपूजेच्या वेळी वाजायला लागली, तेव्हा तिचं बटण मीच बंद केलं होतं. पूजा झाल्यावर चालू करेन म्हटलं. मग दूध उतू गेलं, गॅस पुसला, भाकरी टाकल्या. राहिलं ते राहिलंच.

सध्या कोजागिरीचे दिवस आहेत. कर्नाटकातून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो, ते तुला आठवत असेल. बायका-पुरुष, कडेवर पोरं, 'आई राजा उदो उदो' म्हणत सगळे एकाच दिशेनं जातात. दारात उभं राहून मला एवढंच कळलं की कुणीही या लोकांत पाय टाकला तर तो त्यांच्याबरोबर वाहत जाईल. कुठं निघालात म्हणून विचारणारं कुणी नाही.

मी देवघराकडं वळले आणि तिथंच थांबले. दसऱ्यापासून पुनवेपर्यंत देवी निद्रेत असते. तुळजापूरला तिला पलंगावर निजवलेलं असतं. लहानपणी तू विचारायचास, मग या दिवसांत आपल्याला कोण बघतं? मी तुला काहीतरी सांगून गप्प करायची. काल मला ते काय सांगायची ते आठवेना. हात जोडले आणि परत खाली घेतले. झोपलेलीला हाक कशी मारायची?

धोंडप्पा अजून गल्लीतच होता. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता मोटारसायकल वळवली. "बसा, वहिनी. भिऊ नका. माणसात हायेत, जनावरात न्हाईत."

भिऊ नका म्हणे! कशी नाही भिणार? तुळजापूरच्या रस्त्याला लागलो. एका बाजूनं माणसं, दुसऱ्या बाजूनं ट्रक, आणि मधे हातभर जागा. पांढरा सदरा दिसला की मी थांबा म्हणायची. किती पांढरे सदरे असतात रे रस्त्यावर. एका पुलाच्या कठड्याजवळ एक चप्पल पडलेली होती. डाव्या पायाची, अंगठा मी शिवलेला. धोंडप्पा उतरला आणि पुलाखाली वाकून बघायला लागला. मी गाडीवरून उतरलेच नाही. खाली काय आहे ते त्यानं सांगेपर्यंत मला ते बघायचं नव्हतं. तो वर येऊन म्हणाला, "कोरडं हाय. काय न्हाय." 

मग पुढं गेलो. शेतांच्या पलीकडून लाउडस्पीकरवर देवीची गाणी चालली होती. पायी जाणाऱ्यांना जेवण देणाऱ्या कुठल्याशा मंडपातून. गाण्यापेक्षा घूं असा आवाजच जास्त येत होता, कानात बोट घालावं असा. आणि तो आवाज बंद झाला. गाणं चालू राहिलं, स्वच्छ, आणि घूं तेवढा गेला.

माझं अर्धं आयुष्य दुकानात बसून तो आवाज बंद होताना ऐकण्यात गेलं आहे. धोंडप्पाच्या पाठीवर हात मारून मी म्हटलं, तिकडं घ्या.

मंडपात पत्रावळी मांडल्या होत्या आणि एका कोपऱ्यात चार माणसं आरडत होती. कुणाचा म्हातारा हाय ह्यो, चालू मशिनीत हात घालतोय, करंट लागून मरंल अन् गळ्यात येईल आमच्या. त्यांच्या मधे अँप्लिफायरचं मागचं झाकण उघडून टाकी मांडी घालून बसली होती. एक पाय अनवाणी, तळव्याला रक्त. खिशात पेटी, तिचा लाल दिवा विझलेला. धोंडप्पानं त्या माणसांना बाजूला घेतलं. त्यातला एक म्हणाला, "ह्यांना ऱ्हाऊ द्या की आमच्याकडं पुनवेपर्यंत. सकाळधरनं भुंकत व्हतं ते मशीन, दोन मिस्त्री बघून गेले." त्यावर सगळे हसले. मलाही हसू आलं आणि तिथंच खाली बसावं लागलं.

टाकीनं माझ्याकडं बघितलं. नेहमीसारखं नाही, मंडपातल्या वाढणाऱ्या बाईकडं बघावं तसं. म्हणाली, "बाई, अर्थिंग सुटलं होतं. तात्पुरतं पिळून ठेवलंय. बारका पेचकस अनिरुद्धच्या दप्तरात राहिलाय. पोरगं शाळेतून आलं की पाठवून द्या. त्याचा हात बारीक जागेत जातो, माझा आता जात नाही."

मी म्हटलं, "सांगते."

ऐक, अनिरुद्ध. बेलभंडार उचलताना मला सांगितलेलं वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे. 'माझ्या दुखण्याचं अनिरुद्धला कळवायचं नाही. तो म्हणेल, मी बरोबर होतो.' एवढंच. ते मी पाळलं आहे. या पत्रात कुणाच्या दुखण्याचा शब्द नाही. टाकीबद्दल मी कधीच काही कबूल केलं नव्हतं. आणि तुझं नाव काल मी घेतलं नाही. टाकीनं घेतलं, चार माणसांत, मोठ्यानं. 'माझा आता जात नाही' हेही तीच म्हणाली.

मग आता गरज खरी सांगते. टाकी चालते. दोन पायांवर, आणि थकत नाही. दाराची कडी काढते, वरचीसुद्धा. पाण्याची नाही, माणसांची दिशा पकडते. सकाळी बरी असते आणि दुपारनंतर बिघडते. पेटी खिशात ठेवलेली चालते, पण जड झाली की काढून कपाटावर ठेवते आणि विसरते. रोज चार्जिंग मला जमणार नाही, कारण ज्या वेळेला पेटी चार्जिंगला असते त्याच वेळेला टाकी निघते. बटण टाकीजवळ नाही. कधीच नव्हतं.

चिप झोपणारी चालेल. मला काल कळलं की जी जागी राहून राहून मेली तिच्यापेक्षा जी झोपते आणि वेळेवर उठून 'आहे' म्हणते ती बरी. देवीही पुनवेला उठेल. निजलेली होती तरी तिनं तो घूं बंद झालेला माझ्या कानावर घातलाच ना? कंपायलर तू म्हणशील तो, पण कधी झोपायचं आणि कधी उठायचं ते तू लिही. मला त्यात चूक करायची नाही.

आज सकाळी टाकीनं मला ओळखलं. पायाला हळद लावताना म्हणाली, "चंद्रप्रभा, हे कशानं लागलं गं?" मी म्हटलं, जिन्यात. परत खोटं. पण हे कंपायलरला सांगायचं नव्हतं.

नवी पेटी पार्सलनं पाठवू नको. बसवायला बारीक जागेत जाणारा हात लागणार आहे. दार बंद केलं होतं ते दुकानाचं. घराच्या दाराला देवघरातली घंटा आहे, ती वाजवून आत ये. मी दचकेन, पण पळणार नाही.

येताना बारका पेचकस आण. टाकी रोज विचारणार आहे.

एवढ्यावरून कळेल तेवढं कळून घे.

आई